बुद्धमूर्तीवरचे सोने : जपानच्या वर्ख-कारागिरांचा इतिहास



आपल्या विहाराला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. स्मरणिकेसाठी लेख द्या असे समितीने सांगितले तेव्हा मी म्हटले, विहाराच्या बांधकामाचा इतिहास दुसरे कोणी लिहा, मी सोन्यावर लिहितो. समितीतले एक वडीलधारे हसले. "तुले सोन्याचं काय समजते गा? जिंदगी तर कागदाच्या गिरणीत गेली तुही."

त्यांचे म्हणणे खोटे नाही. आमच्या घरचे सोने म्हणजे बायकोच्या पोतीतले चार मणी. पण ज्या सोन्याबद्दल मी लिहिणार आहे, ते सोने कागदाशिवाय तयारच होत नाही. म्हणून कागदवाल्याने त्याच्यावर लिहायला हरकत नसावी.

विषय निघाला तो असा. गेल्या वर्षी बैठकीत ठराव आला की रौप्यमहोत्सवानिमित्त आपल्या मूर्तीला सोनेरी करावे. कोणी म्हणाले, बाजारातला सोनेरी रंग मारून टाका. कोणी म्हणाले, नाही, जपानमध्ये लावतात तसा अस्सल सोन्याचा वर्ख लावा, वर्गणी आम्ही जमा करतो. महिला मंडळाने विचारले, मग पोरांच्या अभ्यासिकेचे काय? बैठक रात्री अकरापर्यंत चालली आणि निर्णय काही झाला नाही. मी त्या दिवशी गप्प राहिलो, कारण मला माहिती नव्हती. माहिती नसताना बोलू नये, हे युनियनमध्ये शिकलेलो आहे. नंतर मिळेल ते वाचले. त्यातून जे समजले ते इथे मांडतो.

विजासनच्या पायरीवर

सोन्याचा वर्ख मी आयुष्यात एकदाच हातात घेतला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी विजासनच्या लेण्यांवर जपानी यात्रेकरूंची एक गाडी आली होती. आपले भद्रावती म्हणजे जुने भांदक. एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅम साहेबांनी असे मत मांडले की ह्युएनत्संगाने पाहिलेली कोसलची राजधानी ती हीच. पुढच्या विद्वानांनी त्यावर वाद घातला, तो अजून आहे. पण लेणी आहेत, आतल्या दगडी बुद्धमूर्ती आहेत, आणि त्यांच्यापुढे वाकायला लोक जपानहून येतात, हे आपण डोळ्यांनी पाहतो.

त्या यात्रेकरूंतल्या एका म्हाताऱ्याने माझ्या हातात पातळ कागदाची घडी ठेवली. खुणेने सांगितले, हळू उघड. मी उघडली. आत चार बोटांएवढा सोन्याचा चौकोन. मी "अरे वा!" म्हटले, आणि माझ्याच तोंडच्या वाऱ्याने तो चौकोन उडाला, चुरगळला, अर्धा माझ्या अंगठ्याला चिकटला. पुसायला गेलो तर कातडीत जिरल्यासारखा झाला. म्हातारा पोट धरून हसला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले. गरिबाच्या हातून सोने सांडले की त्याला झोप येत नाही.

आता कळते की तो का हसला. त्या चौकोनात सोने होते किती? हिशेब मीच करून पाहिला. जपानी वर्खाची जाडी साधारण एक मिलिमीटरचा दहा हजारावा भाग असते. इतक्या पातळ वर्खात एक ग्रॅम सोने सुमारे अर्धा चौरस मीटर जागा झाकते. नेहमीचा चौकोन १०९ मिलिमीटरचा असतो, म्हणजे एका ग्रॅममध्ये असे चाळीसच्या वर चौकोन निघतात. माझ्या अंगठ्याने खाल्ले ते गुंजभरही नव्हते. वाया गेली ती मेहनत.

सोने न स्वीकारणारा आणि सोन्याने मढलेला

इथे एक प्रश्न आधी सोडवला पाहिजे. श्रामणेराच्या दहा शीलांतले दहावे शील काय आहे? सोने-चांदी स्वीकारू नये. ज्याने भिक्खूंना सोन्याला हात लावू दिला नाही, त्याच्याच मूर्तीला लोकांनी सोन्याने का मढवले?

त्याचे कारण ग्रंथांतच आहे. महापुरुषाची जी बत्तीस लक्षणे सांगितली आहेत, त्यांत अंगाची कांती सोन्यासारखी असते हे एक लक्षण आहे. कारागिराने ते वाचले किंवा ऐकले आणि जसे ऐकले तसे केले. आपल्या अजिंठ्याच्या चित्रकारांनी मात्र मुकुट आणि दागिने पिवळ्या मातीच्या रंगाने रंगवले. दीड हजार वर्षे झाली, त्या मातीचे तेज कमी वाटत नाही.

जपानमध्ये बुद्ध पोचला तोच सोन्याचा मुलामा घेऊन. कोरियातल्या बेकजे राज्याच्या राजाने जपानच्या दरबाराला मुलामा दिलेली शाक्यमुनींची मूर्ती पाठवली. जुन्या बखरीत ते साल ५५२ आहे. ५३८ हेही साल सांगतात. मग आठव्या शतकात सम्राट शोमूने नारा इथल्या तोदाइजी विहारात सुमारे पंधरा मीटर उंचीचा काशाचा महाबुद्ध घडवायला घेतला. मुलाम्याला सोने पुरेना. ७४९ साली देशाच्या उत्तरेला मुत्सु प्रांतात सोने सापडले, तेव्हा काम पुढे सरकले. ७५२ साली मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी झाला. तो कोणाच्या हातून? बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्खूच्या हातून. हा भिक्खू चीनमार्गे ७३६ साली जपानला गेला होता. आपल्या मातीतल्या माणसाने तिथे जाऊन डोळे उघडले, आणि आपल्याकडे मात्र पुढे बुद्धाचे नाव पुसले गेले. असो.

महाबुद्धाचा मुलामा वर्खाचा नव्हता. सोने पाऱ्यात कालवून लावायचे आणि आच देऊन पारा उडवायचा, अशी ती रीत. पाऱ्याची वाफ विषारी असते, हे कारखान्यात काम केलेल्या माणसाला सांगायला नको. राजाचे नाव राहिले, भिक्खूचे नाव राहिले. ती वाफ ज्यांनी छातीत घेतली त्यांची नावे आपल्याला कोण सांगणार?

पुढे लाकडी मूर्ती घडू लागल्या आणि वर्खाचे दिवस आले. लाकडावर लाखेचा लेप, लेपावर सोन्याचा वर्ख. १०५३ सालचा ब्योदोइन विहारातला अमिताभ बुद्ध असाच आहे. मूर्तिकार जोचो. हिराइझुमी इथल्या चुसोनजी विहारात ११२४ साली एक सबंध दालनच आतून-बाहेरून वर्खाने मढवले गेले.

कानाझावा : चोरून ठोकलेले सोने

जपानमध्ये आज जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख, शंभरातला नव्व्याण्णव टक्के म्हणतात, कानाझावा या एका शहरात तयार होतो. तिथल्या माएदा तोशिइए या सरदाराने १५९३ साली कोरियावरच्या स्वारीच्या छावणीतून घरी पत्र पाठवले आणि सोन्या-चांदीचा वर्ख तयार करण्याचा हुकूम दिला. या धंद्याचा तिथला जुना पुरावा तो हाच.

पण पुढे काय झाले ते कामगाराने लक्षात ठेवण्यासारखे आहे. १६९६ साली जपानच्या शोगुन सरकारने वर्खाच्या धंद्यावर ताबा बसवला. एदो म्हणजे आजचे तोकियो, आणि क्योतो, या ठिकाणांशिवाय दुसरीकडे सोन्याचा वर्ख ठोकायला बंदी. कानाझावाच्या कारागिरांनी काय करावे? त्यांनी चोरून ठोकले. विचारायला कोणी आले तर सांगायचे, हा तांब्याचा, पितळेचा वर्ख आहे. किंवा एदोहून आलेला वर्खच दुरुस्त करतो आहोत. १८०८ साली कानाझावाच्या किल्ल्यातला महाल जळाला. तो पुन्हा बांधताना भरपूर वर्ख लागला, तेव्हा हाताला पुन्हा काम मिळाले. १८६४ मध्ये स्वतःच्या संस्थानापुरता वर्ख करण्याची उघड परवानगी आली आणि १८६८ मध्ये शोगुनशाही कोसळली तेव्हा बंदीही संपली. एदोचे ठोकणारे मागे पडले, कानाझावावाले टिकले. ज्यांच्या हाताला बंदी होती त्यांचाच हात पक्का झाला होता. बहुजन समाजाच्या पोरांना शाळेची बंदी होती आणि त्यांनी चोरून अक्षर गिरवले, त्याची मला आठवण येते.

ठोकायचे कसे

शुद्ध सोन्यात थोडी चांदी आणि किंचित तांबे मिसळतात. नेहमीच्या वर्खात शंभर भागांत ९४ च्या वर सोने, पाचाच्या आत चांदी, आणि एक भागाच्याही आत तांबे. ते वितळवून, लाटून त्याची पट्टी करतात, पट्टीचे चौकोन कापतात, आणि कागदात एकावर एक रचून ठोकतात. पातळ होऊन पसरले की पुन्हा कापायचे, मोठ्या कागदात घालायचे, पुन्हा ठोकायचे. हजारावा भाग जाडीपर्यंत आणणारा कारागीर वेगळा आणि तिथून दहा हजाराव्या भागापर्यंत नेणारा वेगळा. दोघांची घराणी वेगळी, पण एकाचे काम बिघडले तर दुसऱ्याचे बसते. ठोकण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यंत्र आले. तोवर सगळे हातानेच होते.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. सोने पातळ कोण करतो? हातोडा? नाही. कागद करतो. हातोड्याचा घाव सारखा वाटून देणे, सोन्याला फाटू न देणे, चिकटू न देणे, हे सगळे कागदाचे काम. युरोपात त्यासाठी बैलाच्या आतड्याचा पापुद्रा वापरत. आपल्याकडे चांदीचा वर्ख कातड्याच्या, आतड्याच्या पानांत ठोकत. जपानने कागद वापरला. गाम्पी नावाच्या झुडपाच्या सालीचा, बारीक माती मिसळलेला कागद. तो आणला की लगेच चालत नाही. भाताच्या पेंढ्याच्या राखेचे पाणी, अंडे, आणि कच्च्या काकी फळाचा तुरट रस, यांत तो भिजवायचा, पिळायचा, वाळवायचा, कोराच ठोकायचा आणि पुन्हा भिजवायचा. यात महिने जातात. वर्खवाल्याचा निम्मा जीव सोन्यात नसतो, कागदात असतो.

वाचकहो, हे वाचताना मी पुस्तक बाजूला ठेवून बसून राहिलो. आमच्या गिरणीत बांबूचा चुरा डायजेस्टरमध्ये कॉस्टिकमध्ये शिजवायचे. त्यांच्याकडे कॉस्टिकच्या जागी राखेचे पाणी. दोन्ही क्षारच. आणि ते काकी फळ म्हणजे आपल्या तेंदूचा सख्खा जातभाई. कच्चे टेंभरू खाऊन जीभ आखडली नाही असा एकतरी पोट्टा चंद्रपूर-गडचिरोलीत सापडेल काय? तोच तुरटपणा तिकडे कागदाला चिवट करतो.

गेल्या साठेक वर्षांत तिथे दुसरी रीत आली. ग्लासीन कागदाला काजळीचा लेप देऊन त्यात सोने ठोकायचे आणि गठ्ठाच्या गठ्ठा एकदम कापायचा. वेळ वाचतो, वर्ख स्वस्त पडतो. ग्लासीन गिरणीत होतो. लगदा नेहमीपेक्षा जास्त वेळ कुटायचा आणि कागद रुळांखाली घोटायचा, की तो गुळगुळीत आणि आरपार होतो. लगदा कुटणे आणि सोने कुटणे, काम एकाच जातीचे आहे. जुन्या रीतीचा वर्ख मात्र एकेक करून कापतात. तो त्याच्याहून किंचित मोठ्या कागदावर ठेवतात, म्हणून कागदाची किनार दिसते. या जुन्या रीतीला २०१४ मध्ये जपान सरकारने जतन करण्याची विद्या म्हणून मान्यता दिली, आणि २०२० मध्ये युनेस्कोने लाकडी वास्तूंच्या जतनाच्या विद्यांची यादी स्वीकारली तिच्यात ती आली. सन्मान मिळाला, पण घरोघरीच्या देव्हाऱ्यांची मागणी कमी झाली आणि शिकाऊ पोरे थोडी उरली. सन्मानाने पोट भरत नाही, हे आपल्या बुरूड बांधवांना विचारा.

बुरडांची आठवण उगाच काढली नाही. वर्ख उचलायला चिमटा बांबूचा. कापायला चौकट बांबूची. धातू लावला तर वर्ख त्याला चिकटून बसतो, बांबूला चिकटत नाही. बांबूच्या चिमट्याने उचलायचे, हलकी फुंकर मारून सपाट करायचे आणि कागदावर ठेवायचे. हे काम बहुतेक बायांचे. ठोकणाऱ्याचा फोटो पुस्तकात असतो, फुंकर मारणारीचा क्वचित. ब्रह्मदेशात मंडालेला तर ठोकण्याचा कागदच बांबूचा असतो. बांबू वर्षानुवर्षे चुन्याच्या पाण्यात भिजत ठेवून तो करतात. आपल्या जंगलातला बांबू किती वर्षे गाड्या भरभरून गेला, आणि गावाला तो स्वतः विकायचा हक्क मिळायला मेंढा (लेखा) गावापासून सुरुवात झाली ती २०११ मध्ये!

कातड्याचा प्रश्न

आता एक कडू गोष्ट. वर्ख हा शब्द अरबीतून आला, अर्थ पान. आपल्याकडे पेढ्यावर, बर्फीवर चांदीचे पान लावतात. ते पान पिढ्यान्‌पिढ्या जनावराच्या कातड्या-आतड्यांत ठोकले गेले. २०१६ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने असला माल प्राण्यांपासूनच्या वस्तूंवर करू नये असा नियम जाहीर केला, तेव्हा कुठे पुष्कळांना ते समजले. मिठाई देवाला चालली, ताटात चालली. पण मेलेले जनावर ओढणारा वेशीबाहेर! माझ्या आज्याने बाबासाहेबांची हाक ऐकून ते काम सोडले आणि त्या पायी गावाचा बहिष्कार सोसला. चांदी उजळली ती कोणाच्या हातच्या कातड्यावर, हे कोणी विचारले नाही.

मग जपान धुतल्या तांदळासारखा होता काय? नाही. सत्य सांगायला बौद्ध माणसाने कचरू नये. तिथेही वर्ख कापायची पाटी हरणाच्या कातड्याने मढवतात. आणि तिथेही कातड्याचे काम करणाऱ्यांना अस्पृश्य मानत होते. बुद्धाच्या देशात! त्यांच्या वस्त्या वेगळ्या, लग्नसंबंध बंद. १८७१ मध्ये सरकारने फर्मान काढून हा भेद कागदावर रद्द केला. पण कागदावरचे काळजात उतरत नाही. म्हणून त्या लोकांनी ३ मार्च १९२२ रोजी क्योतोत सुइहेइशा नावाची स्वतःची संघटना उभी केली, आणि आमच्यावर दया करू नका, आम्ही माणसे आहोत असे ठणकावले. आपला महाडचा सत्याग्रह १९२७ चा. समुद्राच्या दोन टोकांना पाच वर्षांच्या अंतराने माणसे उठली. मूर्ती सोन्याची केल्याने माणसातला भेद जात नाही, हे यावरून दिसते.

मंडालेच्या महामुनी मूर्तीवर भक्तांनी इतका वर्ख चिकटवला की अंगाचा आकारच बुजून गेला. आणि तो वर्ख लावायचा अधिकार फक्त पुरुषांना. बायांनी दूर बसून बघायचे. आपल्या महिला मंडळाने याचा विचार करावा.

मग आपण काय करावे?

पहिली गोष्ट, बाजारातला सोनेरी रंग मारू नये. त्यात बहुधा पितळेची भुकटी असते. दोन-चार पावसाळ्यांत काळपट पडतो आणि मूर्ती पाहणाऱ्याला वाईट वाटते.

दुसरी गोष्ट, अस्सल वर्ख. आपली मूर्ती तीन फुटांची. माझ्या अंदाजाने तिला एका थरात पाच-सहा ग्रॅमच्या वर सोने लागणार नाही. वर्गणीतून ते जमेल, यात शंका नाही. पण खर्च सोन्याचा नाही, हाताचा आहे. खालचा लेप घोटणे, एकेक पान बसवणे, आणि पुढे जपणे. क्योतोचे किंकाकुजी म्हणजे सुवर्णमंडप १९५० मध्ये जळाले, १९५५ मध्ये पुन्हा उभे राहिले, पण नवा वर्ख उन्हापावसात निघू लागला. शेवटी १९८७ पर्यंत पाचपट जाड वर्ख नव्याने लावावा लागला, सुमारे वीस किलो सोने लागले. आपल्याकडचे ऊन, कोळशाची धूळ आणि उदबत्तीचा धूर आपल्या मूर्तीला सोडणार आहे काय? एकदा लावून भागत नाही.

तिसरी गोष्ट माझे मत आहे, ते समितीने मान्य करावेच असे नाही. कामठीला जपानी भगिनी नोरिको ओगावा यांच्या संस्थेच्या मदतीने १९९९ मध्ये ड्रॅगन पॅलेस उभे राहिले. तिथली चंदनाची बुद्धमूर्ती आपण बस करून पाहून आलो. जपानी लोक तिथे येतात, आपल्या विजासनच्या झिजलेल्या दगडी मूर्तींपुढेही येतात. माझ्या हातात वर्ख देणाऱ्या म्हाताऱ्याने त्या दगडाला सोने लावले नाही. तो नुसता वाकला, आणि बराच वेळ वाकून राहिला. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून मला वाटते, यंदाची वर्गणी अभ्यासिकेला जावी. खिडक्यांना जाळ्या नाहीत, दोनच पंखे आहेत, आणि स्पर्धा परीक्षेची पोरे-पोरी ओट्यावर बसतात. मूर्ती आहे तशी स्वच्छ पांढरी राहू द्या. ज्यांना सोनेच द्यायचे आहे त्यांनी ते पोरींच्या शिक्षणाला द्यावे.

आणि एक काम फुकटात होण्यासारखे आहे. पंचवीस वर्षांपूर्वी या विहाराच्या विटा कोणी वाहिल्या, गिलावा कोणी केला, सिमेंटची पोती रात्री कोणी राखली, हे माहीत असणारी माणसे आपल्यात अजून आहेत. देणगीदारांची फरशी भिंतीत आहेच. तिच्याशेजारी या लोकांची नावे लावा. तोदाइजीच्या मुलामेवाल्यांची नावे आता कोणी शोधून काढू शकत नाही. आपली माणसे अजून जिवंत आहेत, आज विचारले तर सांगतील. पुढच्या बैठकीला मी वही घेऊन येतो. ज्याला जे नाव आठवेल त्याने ते सांगावे.

भवतु सब्ब मंगलं! जय भीम!